स्लायडर फोन कोकणात वापरायचा तर

कपाटात पडून असलेला सरकत्या कीबोर्डचा मोबाईल पुन्हा वापरात आणायचा आहे, किंवा हौसेने एखादा सेकंडहँड घ्यायचा आहे, पण तो रोज हाताळायचा कसा हे सांगणारं कुणी नाही, अशांसाठी हे लिहितोय. शहरातल्या एसी ऑफिसात हा फोन कसाही वापरला तरी निभावतं. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मात्र खारा वारा, पुळणीवरची वाळू आणि चार महिन्यांचा पाऊस हे तिन्ही नेमके त्याच्या सरकत्या फटीत शिरतात. म्हणून इथे हा फोन शिकायचा म्हणजे अर्धं टायपिंग आणि अर्धी निगा.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. हा फोन बोलायला, एसएमएस लिहायला आणि नोंदी ठेवायला आहे. पैसे पाठवणं, रेल्वेचं तिकीट, शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांसाठी साधा स्मार्टफोन बाजूला असू द्या. सगळी कामं स्लायडरवरच करायचा हट्ट धरलात की थोड्या दिवसांत वैताग येतो आणि फोन परत कपाटात जातो.

हातात कुठला फोन आहे?

कीबोर्ड आडवा बाहेर येणारे फोन जास्त दिसतात. नोकियाचे एन९७, एन९०० आणि ई७५ हे तिन्ही २००९ साली बाजारात आले, ई७ हा २०११चा. सोनी एरिक्सनचा एक्स्पिरिया मिनी प्रो, मोटोरोलाचा माइलस्टोन, सॅमसंगचा कॉर्बी प्रो हेही त्याच सुमाराचे. कीबोर्ड उभा, खालच्या बाजूला सरकणारे दोन ठळक फोन ब्लॅकबेरीचे: २०१०चा टॉर्च आणि २०१५चा प्रिव. अँड्रॉइडवर चालणारा जगातला पहिला फोन, २००८चा एचटीसी ड्रीम, सरकत्या कीबोर्डचाच होता. आजच्या मुलांना हे सांगितलं तर पटत नाही.

नवख्याने कुठला घ्यावा असं विचाराल तर माझं मत ई७५ला. त्याला बाहेरच्या बाजूला नेहमीचं आकड्यांचं कीपॅड आहे आणि मोठा कीबोर्ड आतून सरकतो. एसटीत एका हाताने दांडा धरून उभं असताना कॉल लावायला स्लाईड उघडावी लागत नाही. एन९७ दिसायला रुबाबदार, पण तो दोन्ही हातांनी वापरायचा फोन आहे. टॉर्चच्या वाटेला जाऊ नका. जुन्या ब्लॅकबेरी फोनांच्या सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ रोजी बंद केल्या आणि त्यानंतर कॉल-एसएमएसचीही हमी उरली नाही. प्रिव अँड्रॉइडवर चालतो म्हणून तो त्यातून वाचला.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल विचारणारे बरेच भेटतात. सिंबियन या नोकियाच्या जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या फोनांवर ते २०१७ साली बंद झालं. अँड्रॉइड ५च्या खालच्या आवृत्त्यांवरही ते चालत नाही, म्हणजे माइलस्टोन आणि मिनी प्रो बाद. प्रिववर अँड्रॉइड ६ चढतं, पण त्याची सुरक्षा अपडेट केव्हाच थांबली आहेत. त्यावर बँकेचं अ‍ॅप ठेवू नका. जुन्या ब्राउझरवर आजच्या बहुतेक वेबसाइट उघडतच नाहीत, तेव्हा इंटरनेटचा विषय इथेच सोडू.

सिम आणि नेटवर्क

जिओचं सिम जुन्या स्लायडरमध्ये चालणार नाही. जिओकडे २जी आणि ३जी नाहीच, आणि या फोनांना ४जी कळत नाही. एअरटेलने ३जी केव्हाच गुंडाळलं, व्हीआयनेही जवळजवळ सगळीकडे. त्यामुळे एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल यांच्या २जीवरच हा फोन चालतो, असं धरून चला. तुमच्या वाडीत यांपैकी कुणाचं २जी नीट मिळतं हे शेजाऱ्याच्या साध्या बटणाच्या फोनवरून कळेल. प्रिवला ४जी आहे, पण जिओवर आवाजाचा कॉलही ४जीवरूनच जातो आणि ती सोय प्रत्येक संचात चालू असेलच असं नाही. पैसे देण्याआधी सिम घालून कॉल लावून बघा.

रिचार्जला डेटाची गरज नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. दुकानदार आपणहून ते पॅक दाखवत नाही, नाव घेऊन मागावे लागतात.

जुन्या फोनांना मोठ्या आकाराचं सिम लागतं. नवीन सिम तीन मापांत कापलेल्या पट्टीवर येतं, त्यातलं बाहेरचं मोठं माप तसंच काढा. स्मार्टफोनमधलं बारीक सिम घालायचं असेल तर अ‍ॅडॉप्टरची चौकट घ्या, पण रिकामी चौकट आत कधीही सरकवू नका. सिमच्या खोबणीतल्या बारीक तारा तिच्यात अडकतात आणि ओढताना तुटतात. चौकटीमागे पातळ चिकटपट्टी लावली की सिम निसटत नाही.

सेकंडहँड घेताना

फोन चालू करून स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पडद्यावर येईल. तो बॅटरीखालच्या लेबलवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. मग कुठल्याही मोबाईलवरून इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून हा क्रमांक, असा एसएमएस १४४२२ला पाठवा. संचार साथी या सरकारी उपक्रमाची ही सेवा आहे. उत्तरात फोन ब्लॉक केलेला किंवा डुप्लिकेट क्रमांकाचा आहे असं आलं तर नमस्कार करून निघा.

आता स्लाईड तपासा. कॉल चालू असताना ती सावकाश उघडा, बंद करा, पुन्हा उघडा. पडदा लुकलुकला, रेघा आल्या, अर्ध्यावर आवाज गेला किंवा कीबोर्डचा उजेड विझला तर आतली पट्टी संपत आली आहे. वरच्या आणि खालच्या भागाला जोडणाऱ्या या पातळ रिबनला दुरुस्तीवाले फ्लेक्स म्हणतात. प्रत्येक उघडझापीला ती दुमडते, आणि स्लायडर फोनचं आयुष्य म्हणजे खरं तर त्या फ्लेक्सचं आयुष्य. बाकी खरचटलेलं कव्हर, फिकी झालेली अक्षरं यांवर घासाघीस करावी, फोन नाकारू नये.

बॅटरी बाहेर काढून सपाट लादीवर ठेवा आणि बोटाने गिरकी द्या. गरगर फिरली तर ती फुगली आहे. फुगलेली बॅटरी आतून दाब देते आणि स्लाईड घट्ट होते. लोक ती ओढाताण करून उघडतात आणि फ्लेक्स जातो. एन९७ची बीपी-४एल बॅटरी ई७१ आणि ई६३ या फोनांतही होती, म्हणून ती शोधायला सोपी. ई७ आणि प्रिवची बॅटरी घरच्या घरी निघत नाही.

जुन्या मालकाचे मेसेज आणि नावं पुसायची असतील तर सिंबियनच्या नोकियांत स्टार-हॅश-७३७०-हॅश दाबा. लॉक कोड विचारेल, तो कुणी बदललेला नसला तर १२३४५. हे केल्यावर फोनमधलं सगळं जातं, म्हणून आधी सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा.

नावं भरताना स्मार्टफोनमधून ब्लूटूथने पाठवता येतात, पण आधी दोन-तीन नावांचीच फाईल पाठवून बघा. काही जुने फोन मोठ्या फाईलमधलं पहिलंच नाव उचलतात आणि बाकीची सोडून देतात. सिमवर कॉपी करून आणायचा मार्गही आहे, त्यात मात्र लांब नावं मध्येच तुटतात.

स्लाईड उघडायची कशी

फोन आडवा धरा. दोन्ही हातांची मधली बोटं मागे, अंगठे पडद्याच्या खालच्या कडेवर. दोन्ही अंगठ्यांनी एकाच वेळी, सारखा जोर लावून कड वर ढकला. टेबलाचा खण एकाच बाजूने ओढला की तिरका होऊन अडतो, तसंच इथे होतं. अर्ध्यापर्यंत गेलं की आतली स्प्रिंग पुढचं काम करते, त्यापुढे जोर नको. एन९७ आणि ई७ यांचा पडदा शेवटी तिरका उभा राहतो, तो वर आल्यावर आणखी मागे रेटू नका. पडद्याच्या मधोमध अंगठा टेकवून ढकलायची सवय लागली तर पहिल्याच आठवड्यात मोडून काढा. काचेवर दाब येतो आणि नको ती बटणं दाबली जातात.

हातात चाळा म्हणून स्लाईड टकटक उघडझाप करणं हा या फोनांचा खरा शत्रू. आवाज छान येतो, कबूल. पण उघडायची ती लिहिण्यासाठीच. कॉल आल्यावर स्लाईड उघडताच तो उचलला जावा आणि बंद करताच कटावा, अशी सोय काही फोनांत असते. ती बंद ठेवलेली बरी. उगाच उघडझापी वाढते.

दोन अंगठ्यांचं टायपिंग

डाव्या अंगठ्याने डावा अर्धा कीबोर्ड आणि उजव्याने उजवा. स्पेस कुठे आहे ते आधी पाहून ठेवा. एन९७ आणि एन९०० यांत ती मधोमध नसून उजवीकडे सरकलेली आहे, आणि संगणकावर हात बसलेल्यांना तीच सगळ्यात जास्त छळते. आकडे आणि चिन्हं अक्षरांच्या बटणांवरच वेगळ्या रंगात छापलेली असतात. फंक्शनचं बटण एकदा दाबून सोडलं की पुढचं एक चिन्ह येतं, दोनदा दाबलं की आकड्यांचं कुलूप लागतं. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब लिहिताना कुलूप लावून टाका, दर आकड्याला बटण दाबायचा त्रास वाचतो. शिफ्ट दाबून ठेवून बाणाची कळ चालवली की मजकूर निवडला जातो. एन९००ला संगणकासारखी कंट्रोलची कळ आहे, तिने कॉपी-पेस्ट होतं. प्रिवचा कीबोर्ड तर स्पर्शही ओळखतो. कळांवरून बोट डावीकडे फिरवलं की आधीचा शब्द पुसला जातो, वर-खाली फिरवलं की पान सरकतं.

सराव म्हणून रोज एकच काम ठरवा. बाजाराची यादी या फोनच्या नोंदींत लिहायची, कागदावर नाही. बांगडे, कोकम, तांदळाचं पीठ, गॅसवाल्याला फोन. हळूहळू अंगठे आपोआप जागेवर जायला लागतात आणि कळांकडे बघायची गरज उरत नाही. काचेवर हे सुख मिळत नाही, आणि माझ्या मते हा फोन बाळगायचं खरं कारण तेवढंच आहे.

मराठी लिहायचं असेल तर आधी फोनला देवनागरी वाचता येते का ते बघा. दुसऱ्या फोनवरून मराठी एसएमएस पाठवा. चौकोन दिसले तर फॉन्ट नाही, आणि बाहेरच्या देशातून आलेल्या संचात असं होण्याची शक्यता जास्त. वाचता आलं तर लिहिण्याची परीक्षा घ्या: ‘नारळ’ आणि ‘किनाऱ्यावर’ हे दोन शब्द लिहून बघा. पुष्कळ फोनांत देवनागरी म्हणजे हिंदीच गृहीत धरलेली असते आणि ळ किंवा ऱ्य यांपैकी एखादं सापडत नाही. या दोघांवाचून कोकणात पानही हलणार नाही.

इन्स्क्रिप्ट, म्हणजे संगणकावरची देवनागरीची ठरलेली कीबोर्ड मांडणी, येत असेल तर पाठ केलेल्या जागा थोड्याफार कामाला येतात. रत्नागिरी लिहायला जे, एल, डी, व्ही, ई, आय, एफ, जे, आर. पण संगणकावर च, ट, ड ही अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या पलीकडे, विरामचिन्हांच्या कळांवर असतात, आणि फोनच्या छोट्या कीबोर्डवर त्या कळा त्याच जागी नसतात. प्रिववर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी कीबोर्ड अ‍ॅप घालता येतात. त्यांतली काही फक्त काचेवरच्या कळांवर चालतात, खऱ्या कळांवर गप्प बसतात. बसवून, स्लाईड उघडून, एक ओळ लिहून मगच ठरवा.

एसएमएसचा हिशेब समजून घ्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका मेसेजात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०च. शिवाय काना, वेलांटी, पाय मोडणं हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘रत्नागिरी’ डोळ्याला चार-पाच अक्षरांचा वाटतो, फोन त्याचे नऊ मोजतो. ७०च्या पुढे गेलात की मेसेज तुटतो, प्रत्येक तुकड्यात ६७च मावतात आणि तितक्या मेसेजचे पैसे लागतात. निरोप छोटा ठेवा, किंवा घाईत इंग्रजी लिपीत मराठी लिहा. घरच्या आजी-आजोबांना मात्र देवनागरीतच पाठवा, इंग्रजी लिपीतलं मराठी वाचताना ते वैतागतात आणि तसं बोलूनही दाखवतात.

रेंज असेल तिथे आणि नसेल तिथे

जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात माजघरात रेंज नाही, पडवीत दोन दांड्या आणि खळ्यात पूर्ण, हे कोकणात कुणाला सांगायला नको. अशा ठिकाणी एसएमएस कॉलपेक्षा भरवशाचा. त्याला क्षणभराची रेंज पुरते, आणि समोरचा फोन बंद असला तर मेसेज कंपनीच्या यंत्रणेत थांबून राहतो. मेसेजच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी करा. डिलिव्हरी रिपोर्ट चालू करा. आणि मेसेज किती काळ थांबून राहावा याची मुदत असते, ती जास्तीत जास्त ठेवा. घरचं माणूस बोटीवर गेलेलं असेल तर याचा फार उपयोग होतो. बोट परत किनाऱ्याच्या टप्प्यात आली, त्याचा फोन जागा झाला, की तुमच्याकडे पोच येते. कॉल करायच्या आधीच कळतं की होडी जवळ आली. बोटीवर मात्र संकटाच्या वेळी मोबाईलवर विसंबून राहू नये, वायरलेस सेट हवाच. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये पहिल्या नावाने साठवून ठेवा.

कोकण रेल्वेने जाताना बोगद्यांत फोन सतत नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. लांबच्या प्रवासात फोन ऑफलाइन करा, निरोप लिहून ड्राफ्टमध्ये ठेवा आणि स्टेशन आलं की पाठवा. २जीवर पडून राहिला तर हा फोन स्मार्टफोनपेक्षा बराच जास्त टिकतो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगड भागात वीज कित्येक दिवस नव्हती. निघणाऱ्या बॅटरीचं महत्त्व अशा वेळी कळतं. एक जादा बॅटरी भरून बाजूला ठेवली की चार्जिंगसाठी कुणाचा जनरेटर शोधत फिरावं लागत नाही.

खारा वारा, वाळू, पाऊस

पुळणीवर स्लाईड उघडू नका. कॉल घ्यायचा तर बंद फोनवर घ्या, लिहायचं तर गाडीत किंवा हॉटेलात बसून लिहा. वाळूचा एक कण रुळात गेला की प्रत्येक सरकण्याला तो खाचा पाडतो. करकर आवाज आला तर उघडझाप तिथल्या तिथे थांबवा. बॅटरी काढा, फट खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने, रंगकामाचा जुना पण स्वच्छ ब्रशही चालेल, रुळावरून हलक्या हाताने झटका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. रुळात खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल सोडायचा सल्ला घरचं कुणीतरी हमखास देतं. तो ऐकू नका, तेलावर वाळू आणखी चिकटते.

मिठाची हवा सावकाश काम करते. बॅटरीच्या आणि सिमच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर येतो, चार्जिंगची पिन सैल वाटते, एखादं बटण दोनदा दाबावं लागतं. महिन्यातून एकदा बॅटरी काढून तिच्या आणि फोनच्या पट्ट्या पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच घासा आणि कोरड्या कपड्याने पुसा. थर जाड असेल तर औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा. एन९००ची चार्जिंगची खाच तर बोर्डापासून सुटण्यासाठी बदनाम आहे, तिच्यात वायर सरळ घाला, सरळ काढा, आणि वायर लावलेली असताना फोन हातात घेऊन बसू नका.

मिरग लागला की फोनची रात्रीची जागा बदला. खिडकीची कड नको, उशाखाली तर नकोच. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या खोक्यात येतात त्या. निळ्या दाण्यांच्या मिळाल्या तर उत्तम. दाणे गुलाबी झाले की त्यांनी पोटभर ओलावा घेतला असं समजा आणि बदला. बाहेर जाताना झिपची प्लास्टिक पिशवी पुरते. पिशवीतूनच कॉल घेता येतो, फक्त घरी आल्यावर फोन लगेच बाहेर काढा, नाहीतर आतच घाम धरतो.

फोन पाण्यात पडला तर लगेच चालू करून बघायचा मोह आवरा. बॅटरी काढा, सिम काढा, स्लाईड उघडी ठेवून पंख्याखाली ठेवा. समुद्राच्या पाण्यात पडला असेल आणि बॅटरी निघत असेल, तर ती काढल्यावर फोन आधी गोड्या पाण्याने चटकन धुऊन घ्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण मीठ आत सुकू दिलं तर बोर्ड गंजायला वेळ लागत नाही. मग लगेच दुरुस्तीवाल्याकडे न्या. बॅटरी न निघणारा फोन बंद करून तसाच न्या. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा प्रकार करू नका. तांदूळ फोनच्या आतला ओलावा खेचत नाही आणि त्याची बारीक भुकटी स्लाईडच्या फटीत जाते. अ‍ॅपलनेही २०२४मध्ये आपल्या ग्राहकांना तांदूळ टाळायला सांगितलं, आणि त्यांच्या फोनांना तर सरकती फटही नाही.

फ्लेक्स गेला तर

आवाज ऐकू येतो पण पडदा काळा, किंवा स्लाईड अमुक जागी धरली तरच पडदा दिसतो, अशी अवस्था आली की फ्लेक्स बदलावा लागतो. नवा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळणं अवघड. त्याच मॉडेलचा बंद पडलेला संच स्वस्तात मिळाला तर आधीच घेऊन ठेवा. त्यातून कीबोर्ड, कव्हर, पिन सगळंच निघतं, फक्त त्याचा फ्लेक्स तुमच्यापेक्षा कमी झिजलेला आहे ना ते बघा. मुंबईत मनीष मार्केट आणि लॅमिंग्टन रोडला विचारपूस करता येते. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याला मॉडेलचं नाव, बॅटरीवरचा क्रमांक आणि जुन्या फ्लेक्सचा फोटो आधीच पाठवून ठेवा. ‘नोकियाचा सरकणारा’ एवढंच सांगितलंत तर तो भलताच घेऊन येईल.

दुरुस्तीवाल्याला काम देताना फोन पूर्वी कधी भिजला असेल तर ते लपवू नका, तो उघडायची पद्धत त्यावर ठरवतो. सिम आणि कार्ड काढून द्या. परत घेताना त्याच्यासमोरच कॉल लावून स्लाईड चार-पाच वेळा उघडा आणि प्रत्येक कळ दाबून एकदा पूर्ण कीबोर्डभर अक्षरं लिहून बघा. फ्लेक्स बसवताना सगळ्यात जास्त वेळा निसटतं ते कीबोर्डचं कनेक्शन, आणि घरी पोचल्यावर ते लक्षात आलं की पुन्हा रत्नागिरीची एसटी धरावी लागते.